सासूबाई, दोन मुलं आणि पाच बॅगा: गोव्यातून एजंटाविना परदेशी निघणाऱ्यांसाठी

फोंड्यात राहणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. अर्ध्या चड्डीत आला म्हणून देवळाच्या दारात अडवलेला, भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी उड्या मारणारा, एका दिवसात दोन देवळं, एक मसाल्याची बाग, जुनं गोवं आणि संध्याकाळची बोट उरकून रात्री ‘गोवा झाला’ म्हणणारा. आपण हे बघून हसतो. आणि मे महिना आला की एजंटाला पैसे देऊन सहा रात्रींत तीन देश ‘करायला’ निघतो.

आम्ही पाच जण. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. श्रीलंका, नेपाळ, व्हिएतनाम आणि मलेशिया, एवढे देश आम्ही स्वतः आखून फिरलो. घरात दोन पगार आहेत, खाण किंवा हॉटेल नाही. ओळखीचे लोक विचारत असतात, ‘कसं गो जमवता?’ म्हणून क्रमाने लिहिते.

आधी कागद, आणि त्यातही आजीचे

मुलांचे पासपोर्ट सोपे. आई-वडील दोघांचीही संमती लागते, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, मोठ्यांसारखा दहा नाही. तारीख पाहून ठेवा, कारण बरेच देश पोहोचल्यापासून पुढे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात. म्हणजे कागदावर मुदत बाकी असली तरी प्रवासासाठी तो संपलेलाच.

खरी गंमत घरातल्या जुन्या माणसांची. सासूबाईंचा जन्म 1961 च्या आधीचा, त्यामुळे जन्माची नोंद पोर्तुगीज दप्तरातली. तिथे नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई असतं, परबाचं पोरोबो होतं आणि शेट्याचं आडनाव ‘एक्स’ने सुरू होतं. आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग आणि लग्नानंतरचं नाव आणखी चौथं. पासपोर्टचा अर्ज भरायच्या आधी ही सगळी नावं एका ओळीत लिहून काढा, कोणतं स्पेलिंग कायम ठेवायचं ते ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. यात आमचे काही महिने गेले. तिकीट काढल्यावर हे काम सुरू केलं असतं तर सासूबाई घरीच राहिल्या असत्या.

आणखी एक गोव्यातलीच भानगड. घरात एखाद्याने पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो आता भारतीय पासपोर्टवर प्रवास करू शकत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्याचा व्हिसा वेगळा, रांगही बहुधा वेगळी, आणि परत घरी यायला त्याला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. एकाच ताटात जेवणारी माणसं विमानतळावर दोन देशांची होतात, हे आधीच ध्यानात ठेवून आखणी करा.

कधी जायचं ते सुट्टी नाही, पाऊस ठरवतो

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तर सोडूनच द्या. त्या दिवसांत घर सोडून कोणी जात नाही, आणि गेलात तर गणपतीवर रानफळांची माटोळी बांधायच्या वेळी फोनवर काय ऐकावं लागेल ते मी लिहीत नाही. उरतात मे, दिवाळी आणि नाताळ.

दिवाळीच्या सुट्टीला नेपाळ उत्तम. पावसाळा संपून आकाश धुतल्यासारखं होतं आणि हिमालय दिसतो. त्याच दिवसांत मध्य व्हिएतनामला जाऊ नका. होई आन, ह्वे या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतात आणि जुन्या गावाच्या रस्त्यांतून होड्या फिरतात. फोटोत छान दिसतं, पण वयस्क माणूस बरोबर असताना नको. मे महिन्यात तोच भाग कोरडा असतो. ऊन असतं, पण ते आपल्याला काय नवं? जपानला एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथली स्वतःची मोठी सुट्टी असते. गाड्या आणि खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा त्यानंतर जा.

ज्यांचा शॅक, गेस्टहाऊस किंवा टॅक्सीचा धंदा आहे त्यांना नाताळ हा प्रश्नच नाही. त्यांची सुट्टी म्हणजे आपला पावसाळा. तेव्हा बाली कोरडं असतं. श्रीलंकेचा पूर्व किनाराही. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस गाल, कोलंबोकडे पडतो, तेव्हा पलीकडे त्रिंकोमालीला ऊन असतं. डिसेंबर ते मार्च उलट. ‘श्रीलंकेला कधी जाऊ?’ याचं उत्तर ‘कुठल्या बाजूला?’ असं आहे.

पहिला देश

माझं मत स्पष्ट आहे. गोवेकर कुटुंबाने पहिल्यांदा श्रीलंकेला जावं. दुबईत सगळं आपल्यासारखंच बोलतं आणि खातं, तिथे शिकायला काही मिळत नाही. युरोप पहिल्याच फटक्यात नको, तो खर्चिक तर आहेच, शिवाय व्हिसाचं ओझं मोठं.

श्रीलंका परकी आहे, पण पायाखालची जमीन काढून घेत नाही. भात, मासळी, नारळ. सिंहली ही भाषाही आपल्याच घराण्यातली. आठला ‘अट’, नऊला ‘नवय’, दहाला ‘दहय’. आभार मानायला ‘इस्तूती’ म्हणतात, म्हणजे आपली स्तुतीच. भेटल्यावर ‘आयुबोवन’, म्हणजे आयुष्य लाभो. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘हे तर आशीर्वाद देतात गे!’

आणि पोर्तुगीज तिथेही होते. ते 1505 मध्ये पोहोचले, गोवा त्यांनी घेतला 1510 मध्ये आणि मलाक्का 1511 मध्ये. त्याची खूण शब्दांत आहे. सिंहलीत खिडकी ‘जनेलय’, टेबल ‘मेसय’, बूट ‘सपत्तु’, पाव ‘पान’. मलेशियात गेलात तर खिडकी ‘जेंडेला’, टेबल ‘मेजा’, चर्च ‘गेरेजा’, आणि शाळेला ‘सेकोला’. कोकणीत जनेल, मेज, सपाता, इगर्ज, इस्कोल म्हणत वाढलेल्या मुलांना यासारखा खेळ नाही. आमच्या धाकट्याने एक वही केली होती. दिवसाला एक शब्द सापडला तर आईस्क्रीम. रस्त्यावरच्या दुकानांत, बसच्या थांब्यावर तो माणसांना विचारत सुटायचा, आणि लोक मुलाशी जेवढं बोलतात तेवढं आपल्याशी कधीच बोलत नाहीत.

तिकीट

गोव्यातून बाहेरची थेट विमानं मुख्यतः आखाताकडे. बाकी ठिकाणांसाठी मुंबई, बंगळूर किंवा चेन्नई गाठावं लागतं. इथे लोक दोन वेगळी तिकिटं काढतात आणि मध्ये तीन तास ठेवतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी घेणंदेणं नसतं, पाच जणांची तिकिटं बुडाली. एकाच तिकिटावर सगळा प्रवास घ्या, नाहीतर मध्ये एक रात्र राहा. कोकण रेल्वेने मुंबईला जाणार असाल तर पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात. तेव्हाही तीच एक रात्र.

दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे विमानतळ आहेत हे मी गोवेकरांना सांगतेय याचं हसू येईल. आम्ही मोपाला गाडी लावून गेलो आणि परतीचं स्वस्त तिकीट काढताना दाबोळीला उतरलो. रात्री साडेअकरा, झोपलेली दोन मुलं, आणि गाडी राज्याच्या दुसऱ्या टोकाला. चूक सर्वस्वी आमची. तिकिटावरची तीन अक्षरं वाचा: शेवटी ‘आय’ असेल तर दाबोळी, ‘एक्स’ असेल तर मोपा.

व्हिसा

नियम बदलत राहतात, म्हणून मी देशोदेशीची यादी देत नाही. गेल्या वर्षी कोणी व्हिसाविना गेलं हा पुरावा नव्हे. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जा. शोधल्यावर सगळ्यात वर दिसतात त्या पुष्कळदा दलालांच्या जागा असतात. सरकारीच वाटाव्यात अशा असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नेपाळला व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसेल तर मोठ्यांना निवडणूक ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबू नका.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो. एका वेळच्या प्रवेशाला 25 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. मुलांनाही वेगळा लागतो. मी पाच अर्ज एका बैठकीत भरले आणि चौथ्यात मुलाच्या जन्मतारखेतला दिवस आणि महिना उलटा टाकला. सगळं परत, पैसे परत नाहीत. आता आमच्याकडे एक जण भरतो आणि दुसरा पासपोर्ट हातात घेऊन मोठ्याने वाचतो, शाळेत शुद्धलेखन तपासतात तसं.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच लागतो त्या शेंगेन व्हिसाबद्दल एवढंच. मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाच्या मुलांना अर्धे, त्याहून लहानांना माफ. किमान 30,000 युरोचा विमा लागतो. अर्ज सहा महिने आधी करता येतो, आणि मेसाठी निघणाऱ्यांनी तो शक्य तितका आधीच करावा, कारण तारखा उन्हाळ्यात मिळत नाहीत.

पैसे

आधी परकीय चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड एक, बाहेर चालणारं बँकेचं कार्ड एक, आणि थोडे डॉलर. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या, चुरगळलेली किंवा शाई लागलेली नोट बऱ्याच ठिकाणी परत करतात. तिन्ही गोष्टी एका पाकिटात ठेवू नका. नवऱ्याकडे एक, माझ्याकडे एक, आणि डॉलर सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत, जिथून ते काढायला त्यांचीच परवानगी लागते.

परदेशात कार्ड वापरताना यंत्र विचारतं, पैसे रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? रुपये बघून जीवाला बरं वाटतं, पण त्यातला दर वाईट असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा. व्हिएतनाममध्ये आणखी एक: वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत. संध्याकाळी टॅक्सीच्या अंधारात हा फरक पंचवीसपट पडतो. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

किती फिरायचं

दहा दिवसांत तीन मुक्काम, फार तर चार. श्रीलंकेसाठी डिसेंबरातला आमचा क्रम सांगते. पहिली रात्र नेगोंबोला, कारण विमानतळ कोलंबोत नसून त्याच्या उत्तरेला आहे आणि नेगोंबो जवळ. मग कँडीला तीन रात्री, एल्लाला दोन, आणि उरलेल्या गालच्या किल्ल्यात. कँडी ते एल्ला रेल्वे चहाच्या मळ्यांतून सहा-सात तास जाते. आरक्षण उघडताच काढावं लागतं, आणि डोंगरातला मार्ग पावसाने, दरडींनी बंद पडतो, तेव्हा तो चालू आहे ना हे निघण्याआधी बघा. ती गाडी चुकली तर बस आहे, बस चुकली तर गाडीवाला आहे. पर्याय असतो. तो शोधायला वेळ असावा म्हणूनच मुक्काम कमी ठेवायचे.

दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. सकाळी ती करायची, दुपारी परत येऊन सगळ्यांनी आडवं व्हायचं. आपल्या गावात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात ती काही उगीच नाही. संध्याकाळ मोकळी. मुलांना सगळ्यात जास्त आठवतं ते या मोकळ्या संध्याकाळींचं: गालच्या तटावर पतंग उडवणारी पोरं, होई आनमध्ये शिंपिणीच्या मांजराला पिल्लं झाली होती ती.

खोली घेताना ‘लिफ्ट आहे का’ आणि ‘पायऱ्या किती’ हे लिहून विचारा. तळमजला मागा. चूल वापरायला मिळत असेल तर हजार रुपये जास्त द्यायला माझी तयारी असते, का ते पुढे.

शिवराक सोमवार

सासूबाई मासे खातात, पण सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. परदेशात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच एका वाराने.

श्रीलंकेत भाताबरोबर खोबऱ्याचं सांबोल येतं. लाल, तिखट, दिसायला अगदी आपली चटणी. त्यात बहुधा ‘उंबलकड’ असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. आपल्या किसमुरीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, असते तसा. विचारल्याशिवाय कळत नाही. मासे चालतात त्या दिवशी मात्र ‘अंबुल तियल’ ही आंबट मासळी जरूर खा. त्यात गोरका घालतात, भिरंडाचाच, म्हणजे कोकमाचा, चुलतभाऊ. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘सोलं घातलीत.’ फार चुकल्या नाहीत.

जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली तर ते ‘जे’ जेवण, त्यात कांदा-लसूणही नाही. आणि व्हिएतनाममध्ये शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. नवऱ्याने पाटीवर चाय वाचलं, सकाळपासून चहासाठी जीव टाकत होता, आनंदाने आत शिरला आणि बाहेर आला तो टोफूचं ताट घेऊन. तेव्हापासून आमच्या सोमवारांचा प्रश्न सुटला. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक स्वतःच चाय खातात, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. ते दिवस पाहून ठेवले तर पोटाची चिंता नाही. तोंडी सांगण्याऐवजी ‘मांस नाही, मासे नाहीत, माशाचा सॉस नाही’ हे तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्या. मुक्कामाच्या ठिकाणची बाई आनंदाने लिहून देते.

बरोबर काय न्यायचं? तांदळाची पेज करायला थोडे उकडे तांदूळ, लोणचं, गोडा मसाला. श्रीलंका-व्हिएतनामला पहिल्या दोन दिवसांनंतर ते डबे आम्ही उघडले नाहीत, पण ते आहेत या भरवशावरच सासूबाई बाहेर जेवल्या. आखातात किंवा सिंगापूरला जाताना मात्र खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांत मोजतात, आणि आपल्या शागुतीच्या मसाल्यात ती असते. मुलीकडे, भावाकडे मसाला नेणाऱ्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावं. औषधांचंही तसंच. मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन संयुक्त अरब अमिरातीत परवानगीविना चालत नाही.

पाहुण्यासारखं वागणं

पणजीतल्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीत लोकांच्या दारात उभं राहून, खिडकीला टेकून फोटो काढणाऱ्यांचा तिथल्या रहिवाशांना किती त्रास होतो हे पणजीकर जाणतात. होई आनमधली पिवळी घरंही कोणाची तरी घरंच आहेत. माणसाचा किंवा दाराचा फोटो घ्यायचा तर आधी नजरेने विचारा, हो म्हणेपर्यंत थांबा.

बौद्ध देवळांत खांदे आणि गुडघे झाका, टोपी आणि चपला काढा. दगड तापतात, म्हणून पायमोजे न्या, नाहीतर मंगेशीतला तो उड्या मारणारा पाहुणा तुम्हीच. श्रीलंकेत बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं हा अपमान समजतात. सेल्फीची सवय असलेल्या मुलांना हे विमानातच सांगा. पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सुट्टी असते, दारू मिळत नाही. थायलंडमध्ये बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही. लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. हे सासूबाईंना सांभाळणं जड गेलं असतं म्हणून थायलंड अजून बाकी आहे.

व्हिएतनाममध्ये भेटणारा प्रत्येक जण आधी वय विचारतो. चोंबडेपणा नव्हे तो. त्यांच्या भाषेत ‘तुम्ही’ला सोयीचा एकच शब्द नाही. समोरच्याला दादा, ताई, मावशी, काका, धाकटं भावंड असं नात्याने हाक मारावी लागते, आणि त्यासाठी वय कळलं पाहिजे. सासूबाईंना सगळे ‘बा’ म्हणायचे, म्हणजे आजी. रस्ता ओलांडताना कोणीतरी ‘बा’ म्हणत त्यांचा कोपर धरायचं. मी चार हॉटेलांची माहिती काढून जे सांभाळू शकले नसते ते त्या एका अक्षराने सांभाळलं.

रिक्षावाला म्हणाला की ‘आज देऊळ बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’, तर देऊळ उघडं असतं. तो तुम्हाला रत्नांच्या किंवा रेशमाच्या दुकानात नेतो. ॲपवरून गाडी मागवा: व्हिएतनाम-मलेशियात ग्रॅब, श्रीलंकेत पिकमी. आपल्याकडे टॅक्सीवरून काय चालतं ते पाहिलेल्या माणसाला भाडं आधी स्क्रीनवर दिसणं म्हणजे काय सुख असतं ते मी सांगायला नको.

निघायच्या आदल्या दिवशी

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या छापील प्रती घरी राहणाऱ्या एका माणसाकडे द्या. आमच्याकडे ते काम नणंदेचं. मुलांच्या खिशात मुक्कामाच्या पत्त्याचं कार्ड, तिथल्या लिपीत. तुळशीला पाणी आणि कुत्र्याला जेवण शेजारच्या काकींकडे. आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगा. पहिल्या वेळी आम्ही सगळं केलं, तेवढं विसरलो. दोन दिवस त्याने फाटकाला पाव अडकवून ठेवले, तिसऱ्या दिवशी काकींनी श्रीलंकेत फोन लावला, ‘गे, तुम्ही गेलात की आजारी पडलात?’